हजेरी खरी ठेव

गोव्याच्या पेडणे तालुक्यातून एका हवालदाराचं पत्र आलं आहे. त्याचं नाव आणि पलटण छापत नाही. पत्र लांब आहे, त्यातला गाभा असा:

‘सुभेदार साहेब, जूनमध्ये तिसरी फीत लागली आणि लगेच प्लाटून हवालदार झालो. तेहतीस माणसं आहेत, त्यांत नऊ अग्निवीर. माझ्याबरोबर भरती झालेला, एका ताटात जेवलेला दोस्त अजून नाईक आहे आणि माझ्याच प्लाटूनमध्ये सेक्शन कमांडर आहे. आता तो कामापुरतं बोलतो. जुलैत आमच्या बाजूचा एक जवान रजेवरून येताना पावसात गाड्या अडकल्यामुळे एक रात्र आणि अर्धा दिवस उशिरा पोचला. त्याने फोन केला होता. पोराचं रेकॉर्ड साफ आहे, म्हणून रोल कॉलला मी त्याला हजर दाखवलं. कुणाला कळलं नाही, फक्त त्या दोस्ताला कळलं. मी चवथीच्या रजेवर निघताना तो म्हणाला, “तुझ्या गावच्यांची चवथ बरी होते.” रजेचा तक्ता आधीच्या हवालदाराने केला होता, पण माझं नाव चवथीला आणि दोस्ताचं डिसेंबरात, हे खरं आहे. एक अग्निवीर महिनाभर धड जेवत नाही. विचारलं तर “काही नाही उस्ताद” म्हणतो. घरी फेब्रुवारीत धाकटी मुलगी झाली, तिला मी या रजेत पहिल्यांदा पाहिलं. मला हत्यार शिकवलं, नकाशा शिकवला, पण या रजिस्टरांत आणि अर्जांत जीव गुदमरतो. मी हवालदार व्हायला लायक आहे का?’

बाबा, वयाने तू माझ्या थोरल्या मुलाएवढा असशील, म्हणून अरे-तुरे करतो.

त्या रोल कॉलपासून सुरुवात करू, कारण तुझ्या बाकीच्या गाठी तिथेच अडकल्या आहेत. ‘सगळे हजर’ हे दोन शब्द तू बोललास तेव्हा ते तुझ्या प्लाटून कमांडर साहेबांनी, सीनियर साहेबांनी आणि कंपनी कमांडरांनी खरे धरले. त्या रात्री बराकीवर दरड आली असती तर? मी पूर्वेकडच्या डोंगरांत अशी रात्र काढली आहे. दरड आली की सगळ्यांत आधी माणसं मोजतात. आकडा जुळेपर्यंत फावडी थांबत नाहीत. तुझ्या आकड्यात एक माणूस जास्त होता. त्याला शोधायला तुझी पोरं पावसात, अंधारात, ढिल्या मातीखाली गेली असती, आणि तो मात्र कुठल्या तरी स्टेशनावर चहा पीत बसलेला असता. हजेरीचं रजिस्टर अशा रात्रीसाठी असतं. बाकीचे दिवस आपण त्या रात्रीचा सराव करतो.

आता कायद्याचं. सेना अधिनियम १९५० मधलं कलम ३९ गैरहजेरीचं आहे. रजेनंतर उशिरा येणं हा गुन्हा कधी होतो, तर ‘पुरेसं कारण नसताना’ उशीर झाला तर. हे तीन शब्द तू विसरलास. त्या पोराकडे पुरेसं कारण होतं. कोकण रेल्वे पावसात बंद पडते हे सगळ्या देशाला माहीत आहे. जुलै २०२४ मध्ये तुझ्याच पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि गाड्या थांबल्या, ते तू विसरला नसशील. त्याने वेळेवर फोन केला. तू तो फोन वेळेसकट लिहून कंपनी ऑफिसला कळवला असतास आणि रजा वाढवून मागितली असतीस, तर पोरगा तिकीट दाखवून ताठ मानेने उभा राहिला असता. खोटी हजेरी लावून तू त्याचं खरं कारण त्याच्या हातून काढून घेतलंस. आता त्याला काहीतरी लपवायचं आहे, जे आधी नव्हतं. आणि सरकारी कागदात खोटी नोंद करणाऱ्यासाठी त्याच कायद्यात कलम ५७ आहे. ते त्याला नाही, तुला लागू होतं.

म्हणून परत गेल्यावर प्लाटून कमांडर साहेबांकडे स्वतः जा आणि सांग. दोस्ताने सांगण्याआधी, आणि कुणी विचारण्याआधी. ‘साहेब, अमुक तारखेला मी चुकीचा रिपोर्ट दिला’, एवढं सरळ वाक्य पुरे. परिस्थितीचं पुराण नंतर, विचारलं तर. ते तुला घेऊन सीनियर साहेबांकडे आणि पुढे कंपनी कमांडरांकडे जातील. काय होईल याची हमी मी देत नाही. समज मिळेल, कदाचित पेशी होईल, कदाचित रेकॉर्डवर लाल शाईने शिक्षेची नोंद होईल आणि पुढच्या बढतीला ती आडवी येईल. तरीही जा. त्याआधी त्या जवानाला बाजूला घेऊन सांग की तू जातो आहेस, म्हणजे त्याला धक्का बसणार नाही. त्याचं तिकीट, त्या दिवसाची फोनची नोंद, जे काय असेल ते बरोबर घे.

आता जे सांगतो ते मी फार कमी लोकांना सांगितलं आहे.

मी नाईक होतो, सेक्शन कमांडर. सेक्शनमध्ये आपल्या गोव्याचाच एक जवान होता. रजेत त्याचं लग्न झालं. देवळात विधी झाले, जेवणं झाली. पण आपल्याकडे लग्नाच्या दोन सह्या असतात. पहिली सही, मधे निदान पंधरवडा, आणि मग दुसरी. पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे, दुसरी सही झाल्याशिवाय लग्नाची नोंद होत नाही. त्याची वीस दिवसांची रजा हळद, देवाला गाऱ्हाणी आणि पाहुण्यांत गेली. पहिली सही झाली, दुसरी राहिली. तो लाडू घेऊन परत आला. मला सगळं सांगितलं. मी लाडू खाल्ले आणि म्हणालो, ‘पुढच्या रजेत कर, काय घाई आहे.’ दाखला नाही म्हणून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या लग्नाची, मुलाबाळांची रेकॉर्डवर नोंद करणारा हुकूम, निघाली नाही. पार्ट टू ऑर्डर नाही म्हणून रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी तो अविवाहित राहिला. किंड्रेड रोलवर, म्हणजे घरच्या माणसांच्या यादीत, आई-वडील आणि एक भाऊ. आर्मी ग्रुप इन्शुरन्सला नाव वडिलांचं. मग आमची जागा बदलली, बर्फ पडला, मी विसरलो.

आठ महिन्यांनी गाडी दरीत गेली.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा ती पोर ओसरीवर बसली होती. एकवीस वर्षांची असेल. मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, ‘त्यांनी माझं नाव कुठेच लिहिलं नव्हतं का?’ लिहायचं त्याच्या मनात होतं, बाबा. माझ्या हातात होतं. त्याला दुसऱ्या सहीसाठी चार दिवसांची कॅज्युअल रजा मागणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. त्या बाईला पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. सासरची माणसं चांगली होती म्हणून निभावलं. चांगली नसती तर काय झालं असतं, या विचाराने मला अजून रात्री जाग येते.

तुझा जीव ज्या रजिस्टरांत गुदमरतो म्हणालास, ती ही रजिस्टरं. तुला हत्यार शिकवलं आणि कागद ही वेगळी, हलकी गोष्ट असं तुझ्या मनात बसलं आहे. माझ्याही बसलं होतं. आमच्या वेळी उस्ताद नाईक यशवंत घाडगेंची गोष्ट सांगत. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं खोरं, मशीनगनने सेक्शनचे जवळजवळ सगळे पडले, आणि हा सेक्शन कमांडर एकटा त्या गनवर धावून गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. ऐकताना आमच्या अंगावर काटा यायचा. पण त्या सेक्शनमधल्या पडलेल्या जवानांच्या घरी तार कुठल्या पत्त्यावर गेली असेल, तो पत्ता कोणी लिहून ठेवला असेल, हे तेव्हा माझ्या मनात कधी आलं नाही. आता येतं.

तर परत गेल्यावर महिनाभरात तेहतीस माणसांपैकी प्रत्येकाबरोबर वीस मिनिटं बस. सगळ्यांना एकदम गोळा करून फॉर्म वाटू नकोस, तसं केलं की खरं कोणी सांगत नाही. एकेक माणूस, समोर त्याचा किंड्रेड रोल. लग्न झालं का, नोंद झाली का. मूल झालं का, पार्ट टू ऑर्डर निघाली का. प्रॉव्हिडंट फंडाला आणि ग्रुप इन्शुरन्सला कुणाचं नाव आहे. लग्न झालेल्या कित्येकांचं नॉमिनेशन भरतीच्या वेळचंच राहिलेलं असतं. आई गेली असली तरी नाव आईचंच. घरचा पत्ता, फोन नंबर, आणि तो नंबर लागतो का. जमिनीची, घराची कुठे केस चालू आहे का. आपल्याकडे मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्याच्या, घराची भांडणं पिढ्यान् पिढ्या चालतात, आणि जवान सीमेवर असताना तारखा पडत राहतात. कमांडिंग ऑफिसरचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतं, पणजीच्या सैनिक कल्याण खात्याकडे जाऊ शकतं. मोहिमेवर असलेल्या जवानाच्या पाठीमागे एकतर्फी निकाल लागू नये म्हणून १९२५ पासून कायदा आहे. पण यातलं काहीही चालू व्हायला आधी कोणाला तरी कळायला लागतं. ते कळणारा पहिला माणूस तू.

त्या वीस मिनिटांत तुला माणसंही कळतील. कागद हातात असला की जवान बोलतो. नुसतं ‘काय प्रॉब्लेम आहे का?’ विचारलंस तर सगळे ‘नाही उस्ताद’ म्हणणार.

त्या न जेवणाऱ्या पोराच्या बाबतीत मात्र महिन्याची वाट बघू नकोस. तू पेडण्यात आहेस, तो तिकडे, म्हणून हे वाचलंस की लगेच प्लाटून कमांडर साहेबांना फोन लाव. जेवण सुटणं, फोननंतर एकटं बसणं, झोप उडणं, आपल्या वस्तू दुसऱ्यांना देऊन टाकणं, ही लक्षणं हलकी घ्यायची नाहीत. त्याचा बडी, म्हणजे जोडीदार, कोण आहे? त्याला सांग की याच्यासोबत राहा. त्याला गार्डवर हत्यार घेऊन एकटं उभं करू नये, हे साहेबांशी बोल. डॉक्टर साहेबांकडे त्याला पाठवू नका, कोणीतरी घेऊन जा. पाठवलं की पोरगा अर्ध्या वाटेवरून परत येतो. त्याला फोनवर परक्या माणसाशी बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास चालतो, फुकट आहे. आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोल. मी एकदा डिचोलीच्या एका पोराला सगळ्यांसमोर हिंदीत झाडत होतो, तो दगडासारखा उभा. रात्री लंगरमागे, म्हणजे स्वयंपाकघरामागे, त्याला विचारलं, ‘कितें रे, घरा सगळें बरें मूं?’ आणि तो पोर ढसाढसा रडला. वडिलांना कॅन्सर होता, आणि घरून सांगितलं होतं की साहेबांना सांगू नको, नोकरीवर परिणाम होईल.

अग्निवीरांबद्दल थोडं. त्यांची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाच्या सेंटरांत दाखल झाली. चार वर्षांची नोकरी, त्यातून जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम. एकाच बराकीत शेजारच्या खाटेवर जुन्या जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल रजा, आणि याला एकूण ३०. नियम तू केलेला नाहीस, बदलूही शकत नाहीस. पण त्याचे ते ३० दिवस कामाच्या वेळी मिळतील हे तुझ्या हातात आहे. नऊ पोरं, आणि प्रत्येकाला ठाऊक आहे की शेजारचा आपला प्रतिस्पर्धी आहे. अशा वेळी तुझा एक लाडका दिसला की बाकी आठ तुझ्या हातून गेले. एक वही ठेव. प्रत्येकाला एक पान. तारीख घालून दोन ओळी: अमुक दिवशी फायरिंगमध्ये दुसऱ्याला मदत केली, अमुक दिवशी गार्डवर झोपला. चुकला तर त्याच दिवशी त्याला सांग आणि सांगितलं म्हणून लिही. वर्षाच्या शेवटी साहेब विचारतील तेव्हा तुझ्याकडे आठवण आणि माया यांच्याऐवजी तारखा असतील. आणि ‘तुझं पक्कं होणार’ असं कुणालाही, कधीही बोलू नकोस.

रागाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तरी नवीन हवालदाराचा हात शिवशिवतो हे मला माहीत आहे. शिक्षा देणं कमांडिंग ऑफिसरचं काम. कलम ८० खाली तो २८ दिवसांपर्यंत लाइनबंदी, म्हणजे बराकीच्या हद्दीतच राहण्याची शिक्षा, देऊ शकतो. तुझ्याकडे ते नाही. तुझ्याकडे सुधारणं आणि रिपोर्ट करणं आहे. हाताखालच्याला मारणं, छळणं हा कलम ४७ चा गुन्हा आहे आणि त्यात नॉन-कमिशन्ड ऑफिसर म्हणून हवालदारही येतो. आईबहिणीवरून शिवी देऊ नकोस, ती पोरगा वीस वर्षांनी विसरत नाही.

आता तुझा दोस्त. तो वाईट माणूस नाही असं तुझ्या पत्रावरूनच दिसतं. त्याला महिना-दीड महिन्यापूर्वीच सगळं वर सांगता आलं असतं, त्याने सांगितलं नाही. एक टोमणा मारून तो थांबला, आणि टोमण्यात त्याने तुला वाट दाखवली. एकाला फीत लागते आणि दुसऱ्याला नाही, यात जागा किती, मेडिकल कॅटेगरी काय, जुनी एखादी नोंद, असं बरंच असतं. प्रत्येक वेळी कमी-जास्त लायकी नसते. हे त्याला माहीत आहे आणि तरी त्याला दुखतं. तू साहेबांकडे जाऊन आलास की त्याच संध्याकाळी त्याच्याकडे जा, चहा घेऊन, आणि सांग की मी चुकलो होतो आणि सांगून आलो. माफी मागताना रजेचा विषय काढू नकोस, सौदा वाटेल. त्यानंतर फॉल-इनमध्ये तो नाईक आणि तू हवालदार, बराकीत जुने दोस्त. त्याला सगळ्यांत कठीण ड्युटी देऊन आपण कडक आहोत हे दाखवू नकोस, आणि जुना दोस्त म्हणून सोडूही नकोस. नवीन पोरांना नकाशा किंवा एलएमजी (हलकी मशीनगन) तो तुझ्यापेक्षा चांगलं शिकवत असेल, तर ते त्याच्याकडे सोपव आणि सगळ्यांसमोर सोपव.

रजेचा पुढचा तक्ता तू करशील. नोव्हेंबरातच बस. भिंतीवर मोठा कागद लाव, बारा महिने, तेहतीस नावं. प्रत्येकाकडून पहिली पसंती, दुसरी पसंती घे, कारणासकट. गणपतीला सगळे जाऊ शकत नाहीत हे सगळ्यांना कळतं. यंदा जो गेला तो पुढच्या वर्षी नाही, हा एक नियम कागदावर मोठ्या अक्षरांत लिही. दोन-तीन जागा अचानकच्या मरणा-आजारासाठी मोकळ्या ठेव, त्या आधी भरू नकोस. लग्न ठरलेल्या गोव्याच्या पोराला दोन सह्यांइतकी रजा दे, हे तर तू आता विसरणार नाहीस. आणि पुढच्या चवथीच्या रकान्यात तुझं नाव नसू दे. यंदा तू घरी आहेस हे चूक नाही, रजा आधीच मंजूर होती आणि लेकीला पाहायचं होतं. पण दोस्ताचं नाव त्या रकान्यात तुझ्या हाताने लिही. घरी बायकोला हे आत्ताच सांग, पुढच्या ऑगस्टात फोनवर नको.

आमच्या सत्तरी तालुक्यात अजून १८९५ सालची आठवण काढतात. पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांना समुद्र ओलांडून मोझांबिकला जायचा हुकूम झाला, ते बिथरले, हत्यारं घेऊन नाणूसच्या किल्ल्यावर गेले आणि दादा राणेंचं बंड पेटलं. लहानपणी ती आम्हाला शौर्याची गोष्ट वाटायची, आणि ती आहेच. पण तीस वर्षं पलटणीत काढल्यावर मी तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही बघतो. घर, बायका-मुलं, जात, समुद्र, या सगळ्याची धास्ती त्या बराकींत किती रात्री बोलली गेली असेल. ती ऐकून वर सांगणारा कोणी मधल्या फळीतला माणूस तिथे होता का?

तू लायक आहेस की नाही हे मी इथे घरात बसून कसं सांगू? साहेबांकडे जाऊन आलास की मला एक ओळ लिही.

आणि एक राहिलं. तुझी धाकटी फेब्रुवारीत झाली. तिची पार्ट टू ऑर्डर निघाली का? तू लिहिलं नाहीस, म्हणून मला शंका येते. जन्माची नोंद पंचायतीत असेल किंवा पालिकेत, प्रसूती कुठे झाली त्यावर. विसर्जनाची गडबड संपली की पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी जाऊन दाखला घे. दोन प्रती काढ. एक बॅगेत वरच ठेव, एक बायकोकडे.